लेजंड्स ऑफ टुमॉरो : काळाशी खेळणाऱ्या गोष्टी

अमेरिकेतल्या 'द सीडब्ल्यू' वाहिनीवर २०१६ ते २०२२ दरम्यान 'लेजंड्स ऑफ टुमॉरो' ही मालिका सात पर्वं चालली. फारशी कुणी दखल न घेतलेले सुपरहिरो 'वेव्हरायडर' यानातून इतिहासाची मोडतोड दुरुस्त करत फिरतात. कालप्रवासकथांचे ठरलेले साचे इथेही आहेत, पण ते वापरले आहेत पात्रांच्या मायेपोटी.

तिसऱ्या पर्वातला 'हिअर आय गो अगेन' हा भाग घ्या. संघातली झारी एकाच तासात अडकते. शेवटी यानाचा स्फोट होतो, की तोच तास पुन्हा सुरू. स्फोटाचं कारण शोधता शोधता ही एकलकोंडी मुलगी सहकाऱ्यांची दुःखं ओळखू लागते. तो सगळा यानाच्या संगणकबुद्धीने, गिडियनने, रचलेला आभास होता, हे मागाहून कळतं.

दुसरा साचा बदललेल्या भूतकाळाचा. चौथ्या पर्वाच्या अखेरीस झारीचा मेलेला भाऊ बेहराद जिवंत असतो, पण संघात तिच्या जागी तोच असतो आणि झारी कुणाला आठवतही नाही. पुढे येते ती वेगळंच आयुष्य जगलेली झारी. दोन्ही भूमिका ताला अ‍ॅश यांच्याच. भाऊ परत मिळण्याची एवढी मोठी किंमत मालिकेने मोजली, म्हणून हा तिचा सर्वांत धाडसी निर्णय वाटतो.