टर्बोचं बटण आणि टालाडेगाची फेरी

नव्वदच्या दशकात नागपूरच्या बर्डीवरून असेंबल करून आणलेल्या कॉम्प्युटरच्या डब्यावर 'टर्बो' लिहिलेलं एक बटण असायचं. काही डब्यांवर शेजारी मेगाहर्ट्झचा आकडाही चमके. नाव ऐकून वाटे, हे दाबलं की मशीन पळत सुटेल. मुळात ती सोय होती मशीनला लगाम घालण्याची. 1981 च्या आयबीएम पीसीचा प्रोसेसर 4.77 मेगाहर्ट्झवर चाले आणि त्या काळातले बरेच खेळ घड्याळाकडे न बघता प्रोसेसरच्या चालीवर चालत. तोच खेळ नव्या 386 प्रोसेसरवर टाकला की गाडी वळण दिसण्याआधीच भिंतीवर आदळे. मग टर्बो बंद करायचा आणि नवं मशीन जुन्यासारखं रखडवायचं.

अशा खेळात 'गाडीचा वेग किती?' या प्रश्नाला काही अर्थच उरत नाही. कोपऱ्यात 200 लिहून येतं, पण ते 200 कोणाच्या घड्याळाने? आपल्याला हा प्रश्न फारसा पडला नाही, कारण आपल्या सायबर कॅफेत गाजला तो 'रोड रॅश'. त्यात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचं, वाटेत शेजारच्याला लाथ घालायची आणि पोलिसाला चुकवायचं. पुन्हा त्याच जागी येऊन सेकंद मोजायची गरजच नव्हती.

अमेरिकेतल्या नॅसकार या स्टॉक कार शर्यतींचं गणित मात्र फेरीवरच उभं आहे. अलाबामातल्या टालाडेगा ट्रॅकची एक फेरी 2.66 मैलांची. मैलांचा हिशेब नागपूरकराला परका नाही, झिरो माइलचा दगड गावातच आहे. तिथून अंबाझरीच्या बांधाकडे निघालं तर साधारण एवढीच वाट. वळणावर टालाडेगाचा ट्रॅक तब्बल 33 अंशांनी कललेला आहे. 1987 साली बिल एलियट या चालकाने इथली एक फेरी 44.998 सेकंदांत मारली. सरासरी वेग ताशी 212.809 मैल, म्हणजे सुमारे 342 किलोमीटर. त्याच वर्षी इथे बॉबी अ‍ॅलिसनची गाडी उडून प्रेक्षकांसमोरच्या जाळीवर आदळली. पुढच्या वर्षापासून टालाडेगा आणि डेटोना या दोन ट्रॅकवर इंजिनात जाणारी हवा कमी करणारी चकती सक्तीची झाली.

ही फेरी घरच्या पडद्यावर आणायची धडपड त्याआधीच सुरू झाली होती. 1984 साली 'रिचर्ड पेटीज टालाडेगा' आला, तो कमोडोर 64 सारख्या मशीनवर. या मशीनचा प्रोसेसर जेमतेम एका मेगाहर्ट्झचा आणि रंग सारे सोळा. पीसीवर खरा पल्ला गाठला तो मॅसॅच्युसेट्समधल्या पपायरस या छोट्या कंपनीने. डेव्हिड केमर आणि ओमर खुदारी यांनी ती काढली. 1989 च्या 'इंडियानापोलिस 500' मध्ये त्यांनी गाड्या सपाट रंगांच्या चौकोनी-त्रिकोणी तुकड्यांतून रचल्या. दिसायला ओबडधोबड, पण टायरचा दाब बदलला तर फेरीची वेळ बदले. 1994 साली त्यांचा 'नॅसकार रेसिंग' आला आणि तिथे चित्र आणि वेग यांचं भांडण उघड्यावर आलं.

हा खेळ दोन प्रकारे दिसे. साध्या रूपात पडदा 320 बाय 200 ठिपक्यांचा, म्हणजे 64,000 ठिपके. उंची रूपात 640 बाय 480, म्हणजे 3,07,200. तेव्हाच्या घरगुती पीसीतला चांगला प्रोसेसर म्हणजे 66 मेगाहर्ट्झचा 486. सेकंदाला 6 कोटी 60 लाख ठोके. सेकंदाला 30 चित्रं काढायची तर एका चित्राच्या वाट्याला 22 लाख ठोके येतात. साध्या रूपात एका ठिपक्याला सुमारे 34 ठोके, उंची रूपात फक्त 7. त्यातच सगळ्या गाड्यांची चाकं, पकड, कोणामागे किती हवा कापली जाते, हेही मोजायचं. त्या काळच्या घरगुती पीसीत त्रिमिती चित्रासाठी वेगळं कार्ड नसे, सगळा भार एकट्या प्रोसेसरवर. म्हणून भिंतीवरची, गवतावरची, रस्त्यावरची नक्षी एकेक करून बंद करायची सोय खेळातच दिली होती. पेन्टियम घेण्याची ऐपत नसलेल्याने गवत सपाट हिरवं करायचं आणि गाडी हाकायची.

नक्षी बंद करून चित्रांचा वेग राखणं हे नुसते चोचले नव्हते. एलियटच्या वेगाने गाडी सेकंदाला 95 मीटर जाते. पडद्यावर सेकंदाला 10 चित्रं येत असतील तर दोन चित्रांच्या मधे गाडी साडेनऊ मीटर पुढे सरकलेली असते, म्हणजे जवळपास दोन गाड्यांची लांबी. तेवढं अंतर चालक आंधळा असतो. 30 चित्रांना हेच अंतर सव्वातीन मीटरांच्या आत येतं, 60 चित्रांना दीड मीटरच्या आसपास. सेगाचं 'डेटोना यूएसए' हे आर्केडमधलं यंत्र त्याच सुमारास सेकंदाला 60 चित्रं दाखवत होतं, पण त्यासाठी त्याच्या पोटात खास त्रिमिती चित्रांसाठी बनवलेलं हार्डवेअर होतं. वेळ मोजण्याचीही अडचण होती. पीसीतला मूळ टायमर सेकंदाला 18.2 टिचक्या देई. दोन टिचक्यांच्या मधे टालाडेगावरची गाडी पाच मीटरांहून जास्त, म्हणजे आपल्या लांबीएवढी, सरकते. शर्यतीचे निकाल सेकंदाच्या हजाराव्या भागात लागतात. त्यामुळे प्रोग्रामरला तोच टायमर नव्याने लावून त्याच्याकडून जास्त बारीक टिचक्या घ्याव्या लागत.

तेव्हाच्या जाहिराती चित्रं दाखवून खेळ विकत. पपायरसचं श्रेय मला वेगळ्या ठिकाणी दिसतं. नक्षी कमी करता येत होती, गाडीचं वागणं मात्र त्यांनी स्वस्त केलं नाही. आज तो खेळ उघडला तर प्रेक्षकांच्या गर्दीचे ठिपके बघून हसू येतं. फेरीची वेळ बघून हसू येत नाही.

पपायरस बंद पडली, पण केमरने जॉन हेन्री यांच्यासोबत 2004 साली आयरेसिंग या ऑनलाइन शर्यतींच्या खेळाची स्थापना केली. मार्च 2020 मध्ये कोरोनाने खऱ्या शर्यती थांबल्या, तेव्हा नॅसकारचे चालक घरी बसून याच पडद्यावर धावले. विल्यम बायरन हा मुलगा तर गाडी चालवायला शिकला तो आधी आयरेसिंगवरच. त्याने 2024 आणि 2025 अशी सलग दोन वर्षं खरीखुरी डेटोना 500 जिंकली. एलियटचा 44.998 सेकंदांचा विक्रम मात्र त्यालाही मोडता आलेला नाही. हवा अडवणारी चकती आली आणि तो वेग इतिहासात जमा झाला.