भिंतीवरील कृत्रिम संगमरवर

जुन्या वास्तूंचीं टिपणें करितांना एक चूक वारंवार घडते. दिवाणखान्याच्या भिंतीस गुळगुळीत, थंड व शिरा असलेला पृष्ठभाग दिसला, कीं तो ‘संगमरवर’ म्हणून वहींत नोंदला जातो. पुढें पापुद्रा सुटून आंतील चुना दिसला, म्हणजे ‘नुसती नक्कल’ म्हणून तीच नोंद खोडली जाते. आमच्या मतें दोन्ही नोंदी सदोष आहेत. त्यांतहि दुसरी अधिक घातक. कारण तिच्या आधारें मालक निःशंकपणें गिलावा खरवडून टाकितो.

ही विद्या फार जुनी आहे. रोमन वास्तुशास्त्रज्ञ व्हिट्रुव्हियस यानें आपल्या दहा खंडांच्या ग्रंथाच्या सातव्या खंडांत भिंतीस वाळूमिश्रित चुन्याचे तीन थर व त्यांवर संगमरवराच्या चूर्णाचे तीन थर द्यावयास सांगितलें असून, भिंती रंगविण्याचा आरंभच संगमरवरी फरशांच्या अनुकरणानें झाला, असेंहि म्हटलें आहे. इ. स. ७९ मध्यें व्हेसुव्हियसच्या उद्रेकांत गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरांत त्याचा पुरावा मिळतो. आउगुस्त माउ या जर्मन पंडितानें १८८२ मध्यें तेथील भित्तिचित्रांच्या चार शैली ठरविल्या. त्यांपैकीं पहिली म्हणजे गिलाव्यांत उठाव काढून रंगविलेली दगडी फरशांची प्रतिकृतिच होय.

आपल्या ग्रंथांत संगमरवराच्या अनुकरणाचा हेतु नाहीं. परंतु भिंतीच्या संस्काराचा विचार तितकाच सूक्ष्म आहे. विष्णुधर्मोत्तराच्या तिसऱ्या खंडांतील चित्रसूत्रांत विटांचें चूर्ण, माती, गुग्गुळ, मेण, गूळ इत्यादि द्रव्यांचें मिश्रण महिनाभर भिजत ठेवण्यास सांगितलें आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकांतील मानसोल्लासांत म्हशीचें कातडें उकळून करावयाचा वज्रलेप वर्णिला आहे. संगमरवरासारखी झळाळी मात्र जयपुराकडील आराइश कामांत व मद्रासकडील शिंपल्यांच्या चुन्यांत दिसते. आराइशांत दीर्घकाळ मुरविलेला चुना व संगमरवराची भुकटी यांचे पातळ हात देऊन, ओलेपणींच अकीकाच्या दगडानें घोटतात.

आतां ‘नक्कल’ या शब्दाचा विचार करूं. चुनखडी भाजली म्हणजे तींतील कार्बन डायऑक्साइड वायु निघून जातो. उरलेली कळी पाण्यांत विझविली म्हणजे चुना होतो. आणि भिंतीवर लागल्यावर तो हवेंतून तोच वायु शोषून पुन्हां कॅल्शियम कार्बोनेट बनतो. संगमरवर तरी दुसरें काय आहे? द्रव्य एकच, एकास भूगर्भांत रूप आलें, दुसऱ्यास गवंड्याच्या हातीं. मग या भिंतीस खोटी कोणत्या न्यायानें म्हणावें?

परीक्षा करणें अवघड नाहीं. तुटक्या कडेस भिंगानें पाहावें. संगमरवराचे चकाकणारे कण आरपार एकसारखे दिसतात. गिलाव्यांत आंत जाड, बाहेर बारीक असे थर दिसतात व रंग वरच्या थरापुरताच असतो. सतराव्या शतकापासून इटलींत प्रचारांत असलेल्या स्कॅग्लिओला कामांत रंग खोलवर गेलेला असतो; पण तें जिप्समचें असल्यामुळें त्यावर व्हिनेगर टाकिलें असतां बुडबुडे येत नाहींत. चुना व संगमरवर या दोहोंवर येतात. ही परीक्षा मात्र गळून पडलेल्या तुकड्यावरच करावी, भिंतीवर कदापि करूं नये.

एका जुन्या वाड्यांत आम्हीं गेलों, तेव्हां असा गिलावा काढून त्या जागीं सिमेंट लावण्यांत आलें होतें. सिमेंटानें भिंतींतील ओल आंतच कोंडली होती आणि शेजारचा जुना चुनाहि फुगून सुटूं लागला होता. ज्यांच्या संग्रहीं पोथ्या आहेत त्यांस हें निराळें सांगावयास नको, कीं नकललेली पोथी म्हणून कोणी ती जाळीत नाहीं. तिचा कागद, शाई व लेखकाचा हात पाहतो. भिंतीचे थर त्याच दृष्टीनें वाचावे, नोंदवावे, आणि मगच हत्यारास हात घालावा, अशी आमची विनंति आहे.