संगणकाचे घड्याळ आणि बँकेचे संकेतस्थळ

महिनाभर गावी राहून कुटुंब परतते. प्लग काढून ठेवलेला घरचा संगणक सुरू होतो. वीजबिल भरण्यासाठी बँकेचे संकेतस्थळ उघडावे, तर पडद्यावर इशारा झळकतो : ही जोडणी सुरक्षित नाही. पहिला संशय व्हायरसवर जातो, दुसरा बँकेवर. खरा दोषी पुष्कळदा पडद्याच्या कोपऱ्यात मुकाट बसलेला असतो. तो म्हणजे घड्याळ.

संगणक बंद असतानाही वेळ चालू राहावी म्हणून मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढी, तीन व्होल्टची एक बॅटरी असते. काही वर्षांनी ती संपते आणि दिनांक कित्येक वर्षे मागे जातो. इकडे प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळ आपली ओळख पटविण्यासाठी एक प्रमाणपत्र सादर करते. त्यावर आरंभ व समाप्ती असे दोन दिनांक असतात आणि ब्राउझर ते घरच्याच घड्याळाशी ताडून पाहतो. संगणकाच्या लेखी २००९ साल चालू असेल, तर आजचे प्रमाणपत्र त्याला अजून जन्मलेलेच नसते. सप्टेंबर २०२० पासून या प्रमाणपत्रांची कमाल मुदत ३९८ दिवसांवर आणली गेली, आणि मार्च २०२६ पासूनच्या प्रमाणपत्रांसाठी ती २०० दिवस ठरविण्यात आली. त्यामुळे घड्याळाची मोठी चूक खपून जात नाही.

म्हणून प्रथम दिनांक, वर्ष व भारतीय प्रमाणवेळ तपासावी. महाजालाशी जोडणी होताच वेळ सहसा आपोआप दुरुस्त होते. पण फरक फार मोठा असल्यास ती हाताने लावावी लागते. त्यानंतर ब्राउझर बंद करून पुन्हा उघडावा.

घड्याळ अचूक असून, इतर संकेतस्थळे विनातक्रार उघडत असून, केवळ बँकेच्याच पानावर इशारा येत असेल, तर गोष्ट निराळी. वाटेत कोणीतरी बनावट पान पुढे करीत असण्याचीही शक्यता असते. ‘तरीही पुढे जा’ हे बटण अशा वेळी दाबू नये. घड्याळाच्या चुकीपायी ते दाबण्याची सवय जडते, हाच या क्षुल्लक बिघाडाचा मोठा धोका. पत्ता अक्षर न् अक्षर वाचावा. रिझर्व्ह बँकेने भारतातील बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ने संपणाऱ्या पत्त्यावर येण्यास सांगितले होते, ही खूण ध्यानात ठेवावी. शंका उरल्यास पासबुकावरील किंवा कार्डामागील क्रमांकावर विचारणा करावी. शोधयंत्रात सापडलेला ‘ग्राहक सेवा’ क्रमांक भामट्यांचा असू शकतो.

इशारा नाही, पण पान अर्धवट उघडते, अशी तक्रार असल्यास ब्राउझरची खासगी खिडकी उघडून पाहावे. तेथे पान नीट दिसले, तर साठलेल्या जुन्या फाइली काढून टाकाव्यात. मात्र ‘सर्व काही पुसा’ असे सांगण्यापूर्वी जतन केलेले पासवर्डही त्यात जात नाहीत ना, हे पाहिलेले बरे.

लावलेले घड्याळ दुसऱ्या दिवशी पुन्हा मागे गेले, तर बॅटरी बदलण्याची वेळ झाली असे समजावे. ‘सीआर २०३२’ या नावाने ती घड्याळजीकडेही मिळते.