कुरआनचा मराठी तर्जुमा आपल्याच माणसांच्या आवाजात: रेकॉर्डिंग करताना काय सांभाळावं?

मावळात आपल्या बऱ्याच घरांत तीन भाषा एकत्र नांदतात. घरात दखनी, बाजारात आणि शाळेत मराठी, मकतबमध्ये अरबी. उर्दू वाचणारी पिढी मात्र कमी होत चालली आहे. कपाटात दादांच्या काळातला उर्दू तर्जुमा असतो, पण मराठी शाळेत शिकणाऱ्या नातवाला तो वाचता येत नाही. ज्या नानी-दादी शाळेतच गेल्या नाहीत, त्यांना उर्दू काय अन् मराठी काय, छापील अक्षर सारखंच. कामशेतकडच्या एका वयस्कर खालांना यासीन ऐकून ऐकून पाठ आहे. त्या आम्हाला म्हणाल्या, "पढती तो मैं रोज हूँ, पन अल्लाह मेरेकू क्या बोलरा सो मालूम नै."

अशा माणसांसाठी मराठी तर्जुमा आवाजात हवा, आणि तो ओळखीच्या आवाजात असेल तर अधिक चांगलं. हे काम कसं करावं, ते थोडक्यात पाहू.

"तर्जुम्याची गरजच काय?" असं कुणी विचारेल. अठराव्या शतकात शाह वलीउल्लाह देहलवी यांनी कुरआनचा फारसी तर्जुमा केला, कारण तेव्हा शिकलेल्या लोकांची भाषा फारसी होती. पुढे १७९०च्या सुमारास त्यांचेच चिरंजीव शाह अब्दुल कादिर यांनी उर्दूत तर्जुमा केला. लोकांची भाषा बदलली, तसा तर्जुमाही बदलला. मराठीतही छापील तर्जुमे आहेत. मुहम्मद शफी अन्सारी यांचा अनुवाद मुंबईच्या अल-बिर्र फाउंडेशनने प्रकाशित केला असून तो इंटरनेटवरही वाचता येतो.

आवाजाचं काम इतरांनीही केलं आहे. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणात १९१३ ते १९२९ या काळात अनेक बोलींच्या ग्रामोफोन तबकड्या तयार झाल्या. बोलींची तुलना करता यावी म्हणून बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट स्थानिक माणसांकडून वदवून घेतली गेली. १९३९ मध्ये जॉय रिडरहॉफ या ख्रिस्ती बाईंनी अमेरिकेत धर्मसंदेश रेकॉर्ड करणारी संस्था सुरू केली. ज्या बोलीत लिहिता-वाचता येणारं कुणी नाही, तिथे एकेक वाक्य सांगायचं आणि बोलणाऱ्याकडून ते म्हणवून घ्यायचं, अशी पद्धत या कामात वापरली जाते. आपल्याकडे इजिप्तचे कारी महमूद खलील अल-हुसरी यांच्या आवाजात १९६१ मध्ये संपूर्ण कुरआनची तिलावत रेकॉर्ड झाली. आपल्याला मूळ तिलावत नव्याने करायची नाही. तिच्यामागे मराठी अर्थ जोडायचा आहे.

इथे पहिली गोष्ट ध्यानात ठेवावी. तर्जुमा म्हणजे कुरआन नव्हे, तो माणसाने सांगितलेला अर्थ आहे. म्हणून तिलावत कारींच्या आवाजात आणि अर्थ वाचकाच्या आवाजात, मध्ये थोडी शांतता ठेवून. वाचकाने मराठी वाक्याला तिलावतीचा सूर लावू नये. घरात पत्र वाचून दाखवतो तसं साधं, सावकाश वाचावं.

दुसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची: आवाज आपला असावा, शब्द मात्र पुस्तकातलेच. मराठी तर्जुम्यांत 'मोमिन'साठी श्रद्धावंत, 'मुत्तकी'साठी ईशपरायण, 'मुशरिक'साठी अनेकेश्वरवादी असे शब्द भेटतात. आपल्या घरात तर तकवा, मोमिन हेच शब्द चालतात. वाचताना जीभ आपोआप तिकडे वळते. तसं होऊ देऊ नका. आज एक शब्द सोपा केला, उद्या दुसरा, तर ऐकणाऱ्याला तर्जुमा कुठे संपला आणि आपलं मत कुठे सुरू झालं ते कळणारच नाही. अवघड शब्दाचा खुलासा करायचाच असेल, तर सूरह संपल्यावर दुसऱ्या आवाजात, वेगळ्या फाइलमध्ये करा. तोही आलिमांना दाखवूनच. आणि प्रकाशकाची लेखी परवानगी आधी घ्या. दीनचं काम आहे म्हणून परवानगी लागत नाही, असं नसतं.

आता प्रत्यक्ष रेकॉर्डिंग. लोणावळ्याचा पाऊस पत्र्यावर कोसळत असताना हे काम होत नाही. रेल्वे आणि हायवेचा आवाजही आहेच. म्हणून रेकॉर्डिंग पावसाळ्यानंतर, पहाटे किंवा रात्री ठेवा. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. गोधड्या, गाद्या, कपड्यांनी भरलेलं कपाट असलेली लहान खोली उत्तम. पंखा बंद, मोबाइल एअरप्लेन मोडवर. मोबाइल तोंडापासून साधारण एक वीत लांब आणि जरा बाजूला धरा, म्हणजे 'प', 'फ'चा फटका बसत नाही. चूक झाली तर एक शब्द जोडू नका, पूर्ण आयत पुन्हा वाचा. फाइलच्या नावात सूरह आणि आयतीचे क्रमांक घाला. उदाहरणार्थ ००१००५ म्हणजे अल-फातिहाची पाचवी आयत. व्हॉट्सअॅपवर पाठवताना फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा, व्हॉइस मेसेज म्हणून नको. नाहीतर आवाजाचा दर्जा घसरतो.

तपासणीला तीन माणसं बसवा. एकजण मराठी पुस्तक उघडून शब्द जुळवेल. दुसरा आलिम किंवा हाफिज असावा, तो आयत आणि अर्थ जागच्या जागी आहेत ना ते पाहील. तिसऱ्याच्या हातात पुस्तक नको. वर सांगितलेल्या खालांसारखं कुणी असावं. ऐकून झाल्यावर त्यांना विचारा, "काय समजलं?" त्यांना नीट सांगता आलं नाही, तर वाचनाचा वेग, उच्चार आणि थांबण्याच्या जागा पुन्हा बघा.

एकदम ११४ सूरह हाती घेऊ नका. अल-फातिहा आणि शेवटच्या दहा सूरह आधी करा. नमाजमध्ये बहुतेक घरांत त्याच पढल्या जातात. मग पूर्ण अम्म पारा, म्हणजे ३७ सूरह.

वाचक निवडताना गोड गळा शोधू नका. शाळेत धडा न अडखळता वाचणारा दहावीचा मुलगा, एसटीत नोकरी केलेले चाचा, अंगणवाडीतल्या आपा, कुणीही चालेल. बायकांच्या आवाजाबद्दल मोहल्ल्यात वेगवेगळी मतं असू शकतात, म्हणून इमामसाहेबांशी आणि वडीलधाऱ्यांशी आधीच बोलून घ्या. पावसाळ्यात परवानगी आणि सराव उरकला, तर पाऊस उघडल्यावर रेकॉर्डिंग सुरू करता येईल, इन्शाअल्लाह.