आठ तासांचा गार्ड

आजचा विषय माझ्यासाठी जरा अडचणीचा आहे. डावे विचार मनात ठेवून धंदा करता येतो का? की दोन्हींपैकी एक सोडावंच लागतं?

कॉलेजात असताना मी लाल बावट्याचे मोर्चे रस्त्याच्या कडेला उभा राहून पाहिले आहेत, सामील कधी झालो नाही. पुढे फौजेत गेलो. फौजेत राजकारण वर्ज्य, पण सांगू का, मला दिसलेला सगळ्यात खरा समाजवाद लंगरमध्येच दिसला. जवान जेवल्याशिवाय अधिकारी ताटावर बसत नाही. बूट, रेशन, दवाखाना, सगळ्यांची सोय आहे. फक्त तिथे नफा कमवायचा नसतो, हे मी विसरलो होतो.

निवृत्तीनंतर नोएडात राहिलो. हे शहर १९७६ साली न्यू ओखला औद्योगिक वसाहत म्हणून वसवलं. कारखाने आले, मग टॉवर आले, आणि प्रत्येक टॉवरच्या गेटवर गार्ड आले. माझ्यासारखे बरेच निवृत्त लोक करतात तेच मीही केलं, सिक्युरिटी एजन्सी काढली. पहिलं मोठं काम चारशे फ्लॅटच्या एका सोसायटीचं. कमिटीने सरळ सांगितलं, बाकीचे बारा तासांची ड्यूटी देतात, तुम्हीही तेच भाव लावा. मी लावले. दर सगळ्यात कमी, म्हणून काम मला.

जानेवारीत एका पहाटे फेरी मारायला गेलो. धुकं इतकं की गेट दिसेना. गार्ड खुर्चीत झोपलेला. मी फौजी आवाजात ओरडलो. तो उभा राहिला आणि म्हणाला, ‘‘साहेब, रिलीव्हर काल आलाच नाही, चोवीस तास झाले.’’ वय माझ्यापेक्षा फार कमी नसावं. पलटणीत संत्र्याला दोन तासांनी बदली मिळते. इथे मीच त्याचा कमांडर होतो आणि हिशेबही मीच केलेला होता.

घरी येऊन पाटीवर गणित मांडलं. एका गेटवर चोवीस तास माणूस हवा. बारा तासांनी चालवलं आणि सुट्टी दिली नाही तर दोन माणसं पुरतात. आठ तासांनी चालवलं तर आठवड्याच्या एकवीस पाळ्या होतात, एक माणूस सहा पाळ्या करतो, म्हणजे साडेतीन माणसं लागतात. सहा गेटना बाराऐवजी एकवीस. नऊ माणसं जास्त. तेव्हा माणशी सगळा खर्च धरून १५,००० पडत होते. १,३५,००० भागिले ४००, म्हणजे फ्लॅटमागे महिन्याला ३३७ रुपये आणि काही पैसे. एका पिझ्झ्याची किंमत.

तो कागद घेऊन कमिटीकडे गेलो. सगळे भले लोक, एक तर कामगार चळवळीवर छान बोलायचे. सगळ्यांनी मान डोलावली आणि पुढच्या महिन्यात काम दुसऱ्या एजन्सीला दिलं. जुन्या दरानेच. गार्डही तेच राहिले, फक्त गणवेश बदलला. मी नीतीने वागलो हे खरं, पण त्याने त्या पहाटेच्या माणसाची ड्यूटी एका तासानेही कमी झाली नाही. हे मला जास्त लागलं.

तेव्हा मुंबईतल्या एका जुन्या सहकाऱ्याने विचारलं, ‘‘तुमच्याकडे मंडळ नाही का?’’ मी महाराष्ट्रातला, आणि मला हे ठाऊक नव्हतं! माथाडी म्हणजे डोक्यावर ओझं वाहणारा. आज या गोदामात, उद्या त्या. मालक एक नाही, म्हणून जबाबदारी कुणाचीच नाही. अण्णासाहेब पाटलांनी या हमालांना संघटित केलं आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. सरकार, मालक आणि कामगार यांचं मिळून एक मंडळ. व्यापारी मजुरी मंडळात भरतो, वर ठरलेल्या टक्क्याने लेव्ही भरतो. मंडळ कामगाराला पगार देतं आणि लेव्हीतून फंड, ग्रॅच्युइटी, बोनस वगैरे पाहतं. १९८१ साली हीच पद्धत खाजगी सुरक्षा रक्षकांना लावली. एजन्सीला सूट मिळू शकते, पण तिच्या सवलती मंडळापेक्षा कमी नसाव्यात ही अट.

यातली खुबी बघा. व्यापार बंद केला नाही, नफ्यावर बंदी नाही. एजन्सींनी शिस्तीत, प्रशिक्षणात, हजेरीत खुशाल स्पर्धा करावी. फक्त गार्डच्या झोपेवर आणि पगारावर बोली लावायची नाही. चांगला मालक बाजारात एकटा पडला की हरतो. नियम सगळ्यांना एकच असला तर तो टिकतो. कारखान्यांचा आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आला तो १९४६ च्या दुरुस्तीने, आणि ते विधेयक मजूर खातं सांभाळणाऱ्या डॉ. आंबेडकरांनी मांडलं होतं. मालकांच्या मनाचा मोठेपणा वाढेपर्यंत ते थांबले नाहीत.

मंडळं म्हणजे रामराज्य नव्हे. खोटे माथाडी उभे करून खंडणी मागतात, ही उद्योजकांची तक्रार जुनी आहे आणि ती खोटी नाही. दुसरी वाटही आहे, मालकीच वाटून घेण्याची. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत सुरू केलं, तिथे पापड लाटणारीच मालकीण. पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने ‘कष्टाची भाकर’ चालवली, गल्ल्यावर रोख पैसे घेऊन. दोन्हीकडे विक्री आहे, हिशेब आहे, तोट्याची भीतीही आहे. आणि ज्यांना डाव्याने धंदा करणं हेच पाप वाटतं, त्यांनी एंगल्स आठवावा. तो १८६९ पर्यंत मँचेस्टरच्या सूत-व्यवसायात होता, आणि मार्क्सचं घर बरंचसं त्याच पैशावर चालत होतं. एंगल्सने ती नोकरी आनंदाने केली नाही, हेही खरं.

माझी एजन्सी आता लहान आहे. दोन शाळा आणि एक गोदाम, तिन्हीकडे आठ तास. बायको म्हणते, पेन्शन आहे म्हणून तुम्हाला हे परवडतं. तिचं बरोबर आहे.

येत्या रविवारी आमच्या स्वतःच्या सोसायटीची सभा आहे. इथे मी एजन्सीवाला नाही, फ्लॅटमालक आहे. तीन पाळ्यांचा ठराव मी लिहून दिला आहे. आमच्याकडे हिशेब फ्लॅटमागे २९० रुपये निघतो. खालच्या मजल्यावरच्या दोघांनी सही केली आहे. लिफ्टमध्ये भेटलेले बाकीचे म्हणतात, बघू.