पाच वर्षांचा व्हिसा म्हणजे पाच वर्षं मुक्काम नव्हे!

परवा आपल्या म्हसवडच्या दुकानात एक ताई आल्या. मुलगा जर्मनीत, हातात पाच वर्षांचा शेंगेन व्हिसा. म्हणाल्या, "सर, सहा महिने राहते, तिकडं थोडी घोंगडीपण विकते." मी म्हटलं, "ताई, तिकीट काढायचं थांबा!"

नियम असा आहे. जर्मनी, फ्रान्स असे 29 शेंगेन देश मिळून, कोणत्याही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येतं. व्हिसावर कमी दिवस लिहिले असतील, तर तेवढेच. पोहोचल्याचा आणि निघाल्याचा दिवसही धरतात. समजा 1 जानेवारी ते 31 मार्च 2025 राहिलात, 90 दिवस संपले. परत प्रवेश थेट 30 जूनला! मध्ये जर्मनीतून फ्रान्सला गेलात तरी मोजणी तीच.

पासपोर्ट परतीनंतर किमान तीन महिने चालणारा हवा, प्रवास विमा किमान 30,000 युरोचा.

आणि धंदा? पर्यटक म्हणून प्रदर्शन बघा, भाव विचारा. स्टॉल लावून विक्री नको. जास्त राहिलात तर दंड, प्रवेशबंदी होऊ शकते. मग निर्यातीचं स्वप्न तिथंच अडकतं.

उधारीची वही लिहिता ना? तशीच दिवसांचीही लिहा!