पगार पौंडात, हिशेब रुपयांत

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

२०२५ च्या पावसाळ्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी नवऱ्याला आणि दोन वर्षांच्या मुलीला घेऊन घरी आली. नर्सिंग स्कूलमध्ये मी तिला शिकवले होते. हातात इंग्लंडमधल्या एका सरकारी रुग्णालयाचे नेमणुकीचे पत्र होते. पत्राच्या कोपऱ्यात नवऱ्याने पेन्सिलीने गुणाकार करून ठेवला होता : ३१,०४९ गुणिले ११५. उत्तर पस्तीस लाख सत्तर हजारांच्या घरात. "मॅडम, म्हणजे महिन्याला जवळजवळ तीन लाख," तो म्हणाला. ती काही बोलली नाही. तिला इथे तालुक्याच्या गावातल्या खासगी रुग्णालयात महिना सोळा हजार मिळत होते, आणि नाइट ड्यूटी महिन्यातून दहा-बारा दिवस.

या सोळा हजारांबद्दल आधी बोलायला हवे, कारण परदेशाचा रस्ता तिथूनच सुरू होतो. खासगी रुग्णालयांतल्या नर्सच्या पगाराचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारला तज्ज्ञ समिती नेमायला सांगितले. समितीने शिफारस केली, की पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही नर्सला महिना वीस हजारांपेक्षा कमी पगार नसावा, आणि दोनशेपेक्षा जास्त खाटा असतील तर तो राज्य सरकारच्या नर्सइतका असावा. शिफारस चांगली होती, पण अंमलबजावणी राज्यांवर सोपवली गेली आणि बहुतेक ठिकाणी ती कागदावरच राहिली. आपल्याकडे सरकारी अधिपरिचारिकेचे मूळ वेतन सातव्या वेतन आयोगाप्रमाणे ३५,४०० रुपयांपासून सुरू होते, वर भत्ते. म्हणजे त्याच शिक्षणाच्या, त्याच नोंदणीच्या दोन मुलींच्या पगारात दुपटी-तिपटीचा फरक. सरकारी जागा मोजक्या. मग उरलेल्या मुली नकाशा उघडतात. त्यांना नावे ठेवणाऱ्यांनी महिनाभर त्यांची रात्रपाळी करून पाहावी.

तर त्या गुणाकाराकडे येते. गुणाकार बरोबर होता, पण वजाबाकी राहिली होती. मी कॅलेंडरचे जुने पान उलटे केले आणि आम्ही तिघे बसलो.

इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत, म्हणजे एनएचएसमध्ये, नोंदणीकृत नर्सची सुरुवात 'बँड पाच' या श्रेणीत होते. २०२५-२६ मध्ये या श्रेणीचा आरंभ वर्षाला ३१,०४९ पौंड असा होता. त्यातून प्राप्तिकर जातो, नॅशनल इन्शुरन्स जातो आणि निवृत्तिवेतनाची वर्गणीही जाते. ती वर्गणी या पगाराला ८.३ टक्के. सगळे वजा जाता महिन्याला हातात साधारण दोन हजार पौंड येतात. निवृत्तिवेतन योजनेतून बाहेर पडता येते, आणि पुष्कळ मुली पडतात. मला ते पटत नाही, कारण मालकही त्यात आपली भर घालत असतो. पण पहिल्या वर्षी कर्ज डोक्यावर असेल तर त्या मुलीला दोष देववत नाही.

आता घरभाडे. लंडन सोडून मध्यम शहर धरले, तरी तिघांसाठी एका बेडरूमचे घर आठ-नऊशे पौंडांच्या खाली मिळणे कठीण. नगरपालिकेचा कर भाडेकरूला वेगळा भरावा लागतो, हे आपल्याकडच्यांना माहीत नसते, तो शंभर-सव्वाशे. वीज-गॅस दीडशे, कारण हिवाळ्यात घर गरम ठेवावेच लागते. किराणा, बस, फोन मिळून पाचशे. बेरीज झाली साधारण सतराशे. दोन हजारांतून तीनशे उरले. रुपयांत चौतीस-पस्तीस हजार. नवऱ्याने पेन्सिल खाली ठेवली.

लंडनमध्ये पगार जास्त, हे खरे आहे. आतल्या लंडनला वीस टक्के भत्ता आहे. पण तिथले घरभाडे त्या भत्त्याला जुमानत नाही.

एकटी गेली तर चित्र वेगळे. दुसऱ्या नर्सबरोबर घर वाटून घेतले, खोलीला पाचशे, जेवणखाण आणि प्रवासाला तीनशे-चारशे धरले, तर हजार-अकराशे पौंड शिल्लक राहतात. म्हणजे लाख-सव्वा लाख रुपये. शिवाय रात्रीच्या आणि शनिवारच्या ड्यूटीला तासामागे तीस टक्के, रविवारी साठ टक्के जादा मिळतात. म्हणून एकट्या मुली रविवार मागून घेतात.

"पण मी पण काम करीनच की," नवरा म्हणाला. तो वायरमन. बरोबर आहे, नर्सला नवरा आणि मुले नेता येतात आणि नवऱ्याला जवळपास कुठलीही नोकरी करता येते. एप्रिल २०२५ पासून तिथे किमान वेतन तासाला १२.२१ पौंड होते. गोदामात लागला तरी घर चालेल. मग मी त्यांच्या मुलीकडे पाहिले. ती माझ्या चपलांशी खेळत होती. हिला कोण सांभाळणार? नर्सची पाळी साडेबारा तासांची असते, सकाळी साडेसातला सुरू. दोन वर्षांचे मूल दिवसभर पाळणाघरात ठेवायचे, तर महिन्याला हजार पौंडांपर्यंत खर्च येतो, काही ठिकाणी जास्त. इंग्लंडमध्ये नोकरदार आईबापांच्या लहान मुलांना आठवड्याला तीस तास सरकारी खर्चाने पाळणाघर मिळते, सप्टेंबर २०२५ पासून तर नऊ महिन्यांच्या बाळापासून. एजंट ही गोष्ट हमखास सांगतो. पण नर्सच्या व्हिसावर सरकारी मदतनिधीवर हक्क नसल्याची अट असते, आणि आईबाप दोघेही तशा व्हिसावर असतील तर हे तीस तास त्यांना मिळत नाहीत. तीन वर्षे पूर्ण झाल्यावर सगळ्याच मुलांना मिळणारे पंधरा तास मात्र मिळतात. शाळा फुकट, दवाखाना फुकट. आरोग्यसेवेसाठी इतर परदेशी नोकरदारांना माणशी वर्षाला १,०३५ पौंड आधी भरावे लागतात, ते नर्सच्या कुटुंबाला माफ आहेत.

तेव्हा प्रश्न पौंडाचा नव्हता, मुलीच्या तिसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या आठ-नऊ महिन्यांचा होता.

मी हे सगळे इतक्या बारकाईने का करते, ते सांगते. १९९४ मध्ये मी स्वतः सौदी अरेबियात गेले होते. एजंटला साठ हजार दिले. त्यातले निम्मे वडिलांनी शेत गहाण ठेवून आणले, निम्मे सावकाराकडून शेकडा तीन रुपये दरमहा व्याजाने. मुंबईत सही घेतलेल्या करारात बावीसशे रियाल होते. तिथे पोहोचल्यावर पुढे आलेल्या अरबी करारात चौदाशे निघाले. मेट्रन म्हणाली, सही कर नाहीतर परत जा. परत कशी जाणार? पासपोर्ट त्यांच्या कपाटात होता आणि शेत सावकाराच्या कागदात. चोवीस महिन्यांच्या करारातले चौदा महिने माझा पगार फक्त कर्जात गेला. काम मात्र मी तिथेच शिकले, हेही खरे. व्हेंटिलेटर प्रथम हाताळला तो तिथे.

तेव्हा मला कुणी हिशेब करून दाखवला असता तर मी गेले नसते का? गेलेच असते बहुधा. पण सावकाराकडे गेले नसते.

फसवणूक नंतरही थांबली नाही. २०१५ मध्ये कुवेतच्या भरतीत केरळच्या नर्सकडून वीस-वीस लाखांपर्यंत उकळल्याचे प्रकरण बाहेर आले. त्याच वर्षी केंद्र सरकारने आखातासह अठरा देशांत जाणाऱ्या नर्सना परदेशगमन मंजुरी सक्तीची केली आणि भरती सुरुवातीला नॉर्का रूट्स आणि ओडेपेक या केरळ सरकारच्या संस्थांकडे दिली. ही मंजुरी ई-मायग्रेट या सरकारी प्रणालीतून होते आणि त्यात करार आधीच नोंदवलेला असतो. माझ्यासारखा दुसरा करार पुढे करणे त्यामुळे अवघड होते. एजंट कुठल्याही देशाचा असो, १९८३ च्या परदेशगमन कायद्याखाली त्याची नोंदणी हवी, आणि उमेदवाराकडून तो तीस हजार रुपये अधिक जीएसटी एवढेच घेऊ शकतो. ब्रिटनच्या नियमावलीप्रमाणे तर नर्सकडून नोकरी लावून दिल्याबद्दल एक पैसाही घ्यायचा नाही. त्यामुळे 'इंग्लंडला पाठवतो, आठ लाख द्या' म्हणणारा माणूस समोर बसला असेल, तर चहा संपवून उठावे. 'केअरर म्हणून आधी जा, मग तिथे नर्स व्हा' असे सांगणाराही त्यातलाच. परदेशातून केअररची नवी भरती ब्रिटनने २२ जुलै २०२५ पासून बंद केली आहे.

खरा खर्च फार नसतो, पण तो क्रमाने येतो. पहिली इंग्रजीची परीक्षा. आयईएलटीएसला वाचन, श्रवण, संभाषणात सात आणि लेखनात साडेसहा लागतात. ओईटीत तीन भागांत बी आणि लेखनात सी प्लस. आपल्या मुली अडतात त्या लेखनात. वॉर्डात दहा वर्षे काढलेली सिस्टर पत्रलेखनात नापास होते, तेव्हा तिला फार लाज वाटते, वाटू नये. मग संगणकावरची परीक्षा ८३ पौंड, नोंदणीच्या छाननीचे १४०, आणि तिकडे गेल्यावर प्रात्यक्षिक परीक्षा, तिला ऑस्के म्हणतात, ७९४ पौंड. यातले बरेच रुग्णालय भरते. ऑस्के पास होऊन नोंदणी क्रमांक मिळेपर्यंत मात्र अनेक रुग्णालये खालच्या श्रेणीचा पगार देतात. म्हणजे ३१,०४९ हा आकडा पहिल्या दिवसापासूनचा नाही.

आणि करारातले परतफेडीचे कलम वाचायचे. दोन-तीन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर रुग्णालयाने केलेला खर्च परत द्यावा लागतो. किती, आणि महिन्यागणिक कमी होतो का, ते लिहून घ्यायचे.

एक अडचण खास आपल्याकडची. दहावीच्या दाखल्यावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचे नाव. नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीवर माहेरचे नाव. पासपोर्टवर सासरचे. तिकडच्या टेबलावर बसलेल्या माणसाला या तीन वेगळ्या बायका वाटतात. माझ्या विद्यार्थिनीचे चार महिने यातच गेले. लग्नानंतर नाव बदलायचे असेल तर कौन्सिलकडेही त्याच वर्षी बदलून घ्यावे. किंवा बदलूच नये, हे मी आता वर्गात उघड सांगते.

इतर देशांचे थोडक्यात. आखातात प्राप्तिकर नाही, राहायची सोय बहुधा रुग्णालयाची, त्यामुळे एकटीची बचत चांगली होते. पण कायमचे घर तिथे होत नाही. जर्मनीला भाषा शिकावी लागते, पूर्ण मान्यतेसाठी बहुधा बी-दोन पातळीपर्यंत, आणि तोवर मदतनीसाच्या पगारावर काम. मात्र त्यांच्या 'ट्रिपल विन' या सरकारी योजनेत भाषेच्या वर्गाचे पैसे नर्सकडून घेत नाहीत. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनेही बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आहे, तेव्हा मराठी मुलींनी जर्मन भाषेकडे पाहायला हरकत नाही. अमेरिकेत पगार सर्वांत मोठा, पण ग्रीन कार्डासाठी २०२५ मध्येही भारतीयांचे २०१३ चे अर्ज निघत होते. ऑस्ट्रेलियाने एप्रिल २०२५ पासून ब्रिटनसारख्या देशांत नोंदणी होऊन १८०० तास काम केलेल्या नर्सना सोपी वाट दिली आहे, म्हणून काही मुली इंग्लंडला आता स्टँडवरची मधली गाडी समजतात.

ब्रिटनमध्ये कायमचा परवाना आजवर पाच वर्षांनी मागता येत आला. मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत सरकारने साधारण मुदत दहा वर्षे करण्याचा प्रस्ताव मांडला. परवान्याची फीसुद्धा माणशी तीन हजार पौंडांच्या वर आहे. 'पाच वर्षांनी कायमचे होऊ' असे धरून इथे फ्लॅट बुक करू नये, एवढेच मी त्या दोघांना म्हटले.

ती तेव्हा पहिल्यांदा बोलली. "मॅडम, मी पुढे जाते. ही आजीकडे राहील. तीन वर्षांची झाली की हे तिला घेऊन येतील." नवरा गप्प होता. मग त्याने कॅलेंडरचे पान माझ्याकडून मागून घेतले, घडी घालून खिशात ठेवले.

ती नोव्हेंबरात गेली. जानेवारीत तिची ऑस्के झाली, एका भागात नापास, फेब्रुवारीत तो भाग पास. मुलगी फोनवर तिला ओळखते, पण पडद्यावरच्या आईला बिस्कीट द्यायला जाते आणि ती घेत नाही म्हणून रडते, असे आजीने मला सांगितले. मेमध्ये दोघे जाणार आहेत. नवऱ्याचा परवा फोन आला होता, तिकडच्या वायरमनच्या परवान्याची चौकशी करायला. ते मला माहीत नाही म्हटले.